येशूच्या बारशाच्या घुगऱ्या

येशू ख्रिस्ताच्या बारशाच्या घुगऱ्या मी सतरा वेळा खाल्ल्या आहेत. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ख्रिस्ती लोकांत बारसं असतं का? असेल-नसेल, पण खुद्द येशूचं बारसं जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. ते उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, शांतवन साळवे यांच्या दोन खोल्यांत, दर पाच जानेवारीला संध्याकाळी साडेपाचला व्हायचं. नाताळ हा पहिला दिवस धरला की पाच जानेवारीला बरोबर बारावा येतो.

त्यांच्या चर्चला ते लोक मंडळी म्हणतात. मंडळीच्या पाळकसाहेबांना हा प्रकार फारसा रुचत नसे. शास्त्रात आठव्या दिवशी नाव ठेवल्याचं स्पष्ट लिहिलं आहे, असं ते दर वर्षी दारातच सांगायचे. शांतवनभाऊ मान डोलवायचे आणि म्हणायचे, "ते तिकडचं, साहेब. आपल्याकडे बाराच." मग पाळकसाहेब चपला काढून आत बसायचे आणि दोन वाट्या घुगऱ्या खायचे.

पाळणा शांतवनभाऊंनी स्वतः केलेला होता, कारखान्यात येणाऱ्या खोक्यांच्या फळ्यांचा. एका बाजूला 'उलटे ठेवू नये' असं छापलेलं अजून वाचता यायचं. त्यात बाहुली नसायची, मूर्ती तर नाहीच. आत त्यांच्या आईच्या जात्याचा लाकडी खुंटा असायचा, आणि त्या खुंट्याला रूथवहिनींनी शिवलेली खणाची कुंची. प्रभूला खुंटा केलात का, असं मंडळीतल्या कुणीतरी विचारलं तेव्हा शांतवनभाऊ म्हणाले होते की सुताराच्या घरचं पोर आहे, त्याला लाकडाचं काही वाटायचं नाही.

आम्ही दोघं अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात होतो. मी हजेरी ऑफिसात, ते स्टोअरमध्ये. एक्याऐंशी साली मी लागलो तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. बुटके, रुंद, कानावर पेन्सिल. एक डिसेंबरला अंगात बिनबाह्यांचा निळा स्वेटर चढायचा, मग थंडी असो वा नसो. स्टोअरच्या भिंतीवर एक मोठी फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची, पकडीची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती. कामगाराने पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं. कुठलं हत्यार बाहेर आहे हे रिकाम्या आकृतीवरून लांबूनही कळायचं. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी राहिली तरी शांतवनभाऊ घरी जात नसत. एकदा एका फिटरने दहाचा पाना चुकून डब्याच्या पिशवीतून घरी नेला, तर हे सायकल काढून त्याच्या मागे वडवलीपर्यंत गेले होते.

प्रत्येक हत्याराला सूर असतो हे मला त्यांनीच शिकवलं. दोऱ्याला बांधून ठोकलं की चौदा नंबरचा पाना त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काळी दोनमध्ये बोलायचा. घरी पेटी नव्हती. बारशाला सूर लावायचा म्हणून ते साहेबाच्या सहीने, रीतसर बिल्ला टाकून, चौदाचा पाना एका संध्याकाळपुरता घरी आणायचे. खिळ्याला टांगायचे, एकदा टण् करून वाजवायचे, डोळे मिटून तो सूर घशात धरायचे आणि पाळणा सुरू करायचे.

पाळणा त्यांच्या आईचा. आपल्याकडे बारशाला म्हणतात तसाच, पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक, असा बारा दिवसांचा. पहिल्या दिवशी गोठ्यात दिवा लागतो. दुसऱ्या दिवशी धनगर येतात आणि बाळाला घोंगडी देतात. तिसऱ्या दिवशी मरियाबाईच्या बाजेखाली शेगडी आणि पुढ्यात डिंकाचे लाडू. सातव्या दिवशी हेरोद राजाच्या पोटात दुखायला लागतं, दहाव्याला मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, उंटावरून उतरतात आणि पाय धुवायला पाणी मागतात. सगळी नगरकडची गृहस्थी त्या बेथलेहेमात होती. शांतवनभाऊ ओळ म्हणायचे, मागून आम्ही सगळे, आणि रूथवहिनी ढोलकी वाजवायच्या. वहिनी शाळेत शिक्षिका होत्या, पण ढोलकीवर बसल्या की अंगात वेगळीच बाई यायची.

पाचवं कडवं झालं की शांतवनभाऊ म्हणायचे, "सहाव्या दिवशी." आणि थांबायचे. एक अख्खं कडवं नुसती ढोलकी चालायची. कुणी काही बोलायचं नाही, हात मांडीवर. मग ते "सातव्या दिवशी" म्हणायचे आणि गाडी पुढे जायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, ते ओळ विसरले. दुसऱ्या वर्षीही तेच झालं तेव्हा कळलं की ही रीत आहे. लहान पोरं त्या शांततेत खुसखुसायची आणि आया त्यांना चिमटे काढायच्या.

तिसऱ्या वर्षी मी विचारलं. दुपारची सुट्टी होती, ते स्टोअरमध्ये सुताच्या चिंधीने पाने पुसत होते. माझ्याकडे न बघता, एकेक पाना पुसून त्याच्या जागी अडकवत त्यांनी सांगितलं.

ते बावीस वर्षांचे असताना मंडळीच्या एका समितीने गाण्यांचं पुस्तक छापायला घेतलं. यांनी आईचा पाळणा लिहून पाठवला. समितीतल्या गृहस्थांनी बोलावून घेतलं, कौतुक केलं, चहा पाजला आणि म्हणाले, सहावं कडवं तेवढं काढा, त्यात सटवाई आहे. सहाव्या दिवशी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते ती सटवाई. ख्रिस्ती पुस्तकात तिचं काय काम, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी पेन्सिल पुढे केली. "मी एकदासुद्धा नाही म्हणालो नाही, कांबळे. माझ्या हाताने खोडलं. गिचमिड करून खोडलं, खालचं अक्षर दिसू नये म्हणून. पाळण्याच्या खाली माझं नाव येणार होतं ना."

पुस्तक आलं. ते घेऊन हे गावी गेले. आईला वाचता येत नव्हतं. यांनी तिला पाळणा वाचून दाखवला. ती बोटांवर दिवस मोजत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "आन् सहावा दिस? त्या दिशी बाळ कुठं गेलं व्हतं?"

यांनी सांगितलं, छापणाऱ्याची चूक. आई बरं म्हणाली. त्यानंतर तिने यांच्या समोर तो पाळणा कधी म्हटला नाही. तीन वर्षांनी ती गेली, आणि ती गेल्यावर एके दिवशी यांच्या लक्षात आलं की सहावं कडवं आपल्याला येत नाही. समितीकडचा कागद केव्हाच रद्दीत गेलेला. गावातल्या आणि आसपासच्या जेवढ्या म्हाताऱ्या ख्रिस्ती बाया होत्या त्यांच्याकडे हे जाऊन आले. सगळ्या पुस्तकातला अकरा दिवसांचा पाळणा म्हणायच्या.

"एवढंच आठवतं," ते म्हणाले, "की शेवटी काहीतरी उलटं होतं. सटवाई जे करायला येते ते करत नाही. पण मग काय करते, ते गेलं."

मग त्यांनी हातातला पाना अडकवला आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि तरी मला एक गोष्ट विचारायची सुचली नाही. तुमचं गाव कुठलं, हे मी विचारलं नाही. मी बौद्ध. शांतवनभाऊंच्या घरात दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म. मुळं एकाच मातीतली असावीत हे दोघांनाही आडनावांवरून आणि डब्यातल्या कालवणावरून कळलेलं होतं. सकाळी ते मला सलाम म्हणायचे, मी त्यांना जय भीम म्हणायचो, आणि तिथे विषय संपायचा. गाव विचारलं की पुढचा प्रश्न गावात घर कुठल्या अंगाला, असा येतो. त्याचं उत्तर देताना माझ्या वडिलांचा चेहरा कसा व्हायचा ते मी लहानपणी पाहिलं आहे. म्हणून मी कुणालाही गाव विचारत नाही. त्यांचाही तोच नियम होता. ते नगरकडचे एवढं मला ठाऊक, मी बदलापूरला राहतो एवढं त्यांना. या नियमाचा मला चांगलाच अभिमान होता.

त्या कडव्यापायी शांतवनभाऊ दुनियेची नाताळची गाणी ऐकायला लागले होते. कुठेतरी, कुठल्यातरी भाषेत, बाळाच्या उशाशी लिहायला येणारी बाई सापडेल आणि तिच्यावरून आईची ओळ आठवेल, अशी त्यांना आशा होती. डिसेंबर लागला की चार बँडचा ट्रान्झिस्टर मागच्या दारी पाण्याच्या पिंपावर ठेवायचा, तिथे परदेशी स्टेशनं चांगली लागतात म्हणून. भाषा कळायची नाही. पण त्यांचा एक सिद्धांत होता. जगात नाताळची गाणी दोनच प्रकारची, दवंडी आणि पाळणा. बाळ झालं हो, असं गावभर सांगत सुटतात ती दवंडी. बाळाला झोपवतात तो पाळणा. दवंडीची चाल वर चढते, पाळण्याची खाली उतरते, आणि हे बर्फाच्या देशात तेच आणि वाळवंटात तेच. ऐकलेलं ते मालाच्या जुन्या कार्डांच्या पाठीवर लिहून ठेवायचे. एकदा साहेबाने ड्रिलचं कार्ड उलटलं तर मागे लिहिलेलं: 'बाई गाते. मागे एकच घंटा. थंडीचा देश असावा. पाळणा.' आणि त्याखाली: 'पाच-सहा बाप्ये, ढोल, टाळ्या. समुद्रकाठ. दवंडी. हे पोराला झोपू देणार नाहीत.' साहेब केरळचा आणि ख्रिस्ती होता. त्याने रागावायच्या ऐवजी दार लावून घेतलं आणि त्याच्या आजीचं एक गाणं हळू आवाजात म्हणून दाखवलं. शांतवनभाऊंनी निकाल दिला, दवंडी. साहेब जरा हिरमुसला.

बारशाला दर वर्षी एक पाहुणी बाई असायची. तिने आपल्या भाषेतलं मूल झोपवायचं गाणं म्हणायचं, मग घुगऱ्या. पहिला मान शेजारच्या कमलादादींचा. त्या सिंधी, घरी पापड लाटून कॅम्पातल्या दुकानांना द्यायच्या. सिंधीत अंगाईला लोली म्हणतात. दादी पाळण्याची दोरी धरून फार सुरेख गायल्या, पण प्रत्येक ओळीत राजू, राजू असं येत होतं. राजू हा त्यांचा नातू. लोलीत बाळाचं नाव घ्यावंच लागतं आणि तोंडात तेच बसलेलं, त्याला त्या काय करणार? पाळकसाहेबांनी अंमळ भुवया वर केल्या. दादी म्हणाल्या, "साईं, नाम तो बाद में भी रख लेंगे. पहले बच्चा सो तो जाए." पुढे कित्येक वर्षं कॅम्प पाचमध्ये येशूला काही लोक लाडाने राजू म्हणायचे.

सहाव्या दिवसाच्या त्या गप्प राहण्यावर मात्र दादींचा मोठा आक्षेप होता. त्यांच्यात छठी हाच मोठा दिवस. छठीलाच सगळं होतं आणि तुम्ही त्याच दिवशी तोंड मिटून बसता, हे कसलं, असं म्हणून त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरी त्या दिवशी बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. शांतवनभाऊ एकदम उभे राहिले. "टाक. आईच्या कडव्यात टाक होता. टाक आणि दौत." इतक्या वर्षांत सापडलेला तो पहिला शब्द. त्यांनी तो लगेच कार्डावर लिहिला आणि कार्ड खिशात ठेवून संध्याकाळभर खिसा चाचपत होते.

दुसरी गंमत हिराबायची. बदलापूरच्या शिरगावातली ही आगरी म्हातारी लग्नात धवले गायची. धवला गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात, आणि तिच्याशिवाय त्या लोकांत लग्न लागत नाही. माझ्या ओळखीची म्हणून तिला बारशाला आणायचं काम माझ्याकडे आलं. ती आली, बसली, पाळण्यात डोकावली आणि म्हणाली की धवला लग्नाचाच असतो, नुसत्या पोराला गात नाहीत. "मना पयलं सांग, याच्या आयबापाचा लगीन कोनी लावला?"

खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं. या बाबतीत शास्त्र नाजूक आहे. शांतवनभाऊंनी सांगितलं की वाङ्‌निश्चय झालेला होता. धवलारीण म्हणाली, निश्चय म्हणजे लगीन नाही. नवरा काय करतो? सुतार. बरं. आणि तिने हळद मागवली, तांदूळ मागवले, आणि अर्धा तास गाऊन मरिया आणि योसेफ यांचं रीतसर लग्न लावलं. मांडव घातला, मुहूर्तमेढ रोवली, नवरदेवाचे रंधे-करवती गाण्यात धुऊन पुसून घेतले. त्यानंतरच ती पाळण्याकडे वळली. निघताना शांतवनभाऊंनी तिला आपल्या हरवलेल्या कडव्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बायांचा गाना हरवत नाय रे. कोनच्या तरी पदराला बांधलेला असल." शांतवनभाऊंनी हेसुद्धा कार्डावर लिहून घेतलं. मी तिला सोडायला बरोबर गेलो, आणि वाटेत ती मला म्हणाली की माणूस चांगला आहे, पण आईला दुखवलंय त्याने.

अशी बारा बारशी झाली. पाहुण्या बाया बदलल्या, राजूला मिशा फुटल्या, शांतवनभाऊंच्या स्वेटरची वीण उसवली. सहाव्या दिवशी ढोलकी एकटी चालत राहिली. शेवटी शेवटी ते थोडे खचलेले दिसायचे. एकदा मला म्हणाले की तिकडे गेल्यावर आई पहिलं हेच विचारणार, त्या दिशी बाळ कुठं होतं, आणि माझ्यापाशी एक टाक आहे, बस.

तेराव्या वर्षी माझी गोजराआत्या बदलापूरला आली होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धूसर दिसायचं. पाच जानेवारीला माझी बायको माहेरी गेलेली, आत्याला एकटं कसं सोडायचं, म्हणून मी तिला रिक्षात घालून बरोबर नेलं. कुणाचं बारसं, तिने विचारलं. येशूचं, मी म्हटलं. ती म्हणाली, "बरं, पोर कुनाचं का आसंना." तिला कमलादादींच्या शेजारी भिंतीला टेकून बसवलं.

पाना वाजला. पाळणा सुरू झाला. पहिल्या कडव्यालाच आत्याची मान हलायला लागली, तिसऱ्याला ती गुणगुणायला लागली. मला त्यात काही वाटलं नाही, पाळण्यांच्या चाली सगळीकडे सारख्याच असतात. पाचवा दिवस झाला. शांतवनभाऊ "सहाव्या दिवशी" म्हणाले आणि थांबले. सगळे थांबले. ढोलकी चालू राहिली.

आत्याला ही रीत कुठली ठाऊक. ती थांबली नाही.

सहाव्या दिशी गं सटवाई आली,
टाक-दौत घेऊन उशाशी बसली,
कपाळ पाहून ती गप ऱ्हायली,
लेखणी गौतमाच्या हाती दिली,
जो बाळा जो जो रे जो.

इतक्या लोकांत तिचा एकटीचा थकलेला आवाज. रूथवहिनींचा हात ढोलकीवर तसाच राहिला. आत्याला वाटलं आपण काही चुकलो, म्हणून ती पदर सावरत गप्प झाली.

शांतवनभाऊ तिच्यासमोर जाऊन खाली बसले. हे कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, माझ्या सासरचं, पिंपळवाडीचं, शेवगाव तालुक्यातलं. तिकडे वस्ती एकच, मधे एक बोळ. बोळाच्या अलीकडे किरिस्ताव, पलीकडे आम्ही. धर्मांतरानंतर बुद्धजयंतीला म्हणायला बायांना नवा पाळणा हवा होता, तर बोळाअलीकडच्या सगुणाने हे कडवं दिलं.

"सगुणा साळवे," शांतवनभाऊ म्हणाले.

आत्याने चांगला डोळा बारीक करून त्यांच्याकडे बघितलं. मग हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला. "तू शांत्या का रं?"

त्यांनी मान हलवली. आत्याला आता सगळं आठवत होतं आणि ती जसं आठवेल तसं सांगत होती. सगुणा दिवेलागणीला बोळ ओलांडून आली, जात्यापाशी बसली. "म्हनली, गोजरा, आमच्या पुस्तकात हिला जागा न्हाई. तुमच्या बाळाला घ्या."

"रागानं म्हणाली का?"

"राग कशाचा. हसत व्हती. म्हनली, लेक शिकला माझा, त्याला लाज वाटली आसल."

शांतवनभाऊ सगळ्यांसमोर रडले. मोठा माणूस हुंदके देऊन रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कमलादादींना मराठी फारसं कळायचं नाही, पण त्या उठल्या आणि त्यांनी पाळण्यातला खुंटा उचलून शांतवनभाऊंच्या मांडीवर आणून ठेवला.

खरं तर सटवाई आमच्याकडेही चालत नाही. धर्मांतरात बाकीच्या देवांबरोबर तीही गेली. पण हे कडवं बायांनी ठेवून घेतलं, कारण यातली सटवाई नशीब लिहितच नाही, लेखणी बाळाला देऊन मोकळी होते. शांतवनभाऊंना जे उलटं आठवत होतं ते हेच. आत्याने प्रामाणिकपणे हेही सांगितलं की सगुणाने 'बाळाच्या हाती' असं म्हटलं होतं, 'गौतमाच्या' हा शब्द तिचा स्वतःचा. तुला हवं तर तुझं घाल परत, ती म्हणाली.

"नको, आत्या," शांतवनभाऊ म्हणाले. "एकदा खोडलंय. आता यातला एक शब्द मी खोडणार नाही."

आणि त्यांनी खोडला नाही. पुढच्या वर्षी आत्या नव्हती, ती गावी परत गेली होती. पाना वाजला, पाच दिवस झाले. "सहाव्या दिवशी" म्हटल्यावर सवयीने सगळे गप्प झाले, हात मांडीवर, आणि त्या शांततेत शांतवनभाऊ एकटे गायले. येशूच्या बारशाला, ख्रिस्ती घरात, सटवाई आली आणि तिने लेखणी गौतमाच्या हाती दिली. आवाज दोनदा फाटला. मग "सातव्या दिवशी" आम्ही सगळे मिळालो. पाळकसाहेबांनी त्या वर्षी एकच वाटी घुगऱ्या खाल्ल्या. पण त्याच्या पुढच्या वर्षी ते पुन्हा दोन वाट्यांवर आले.

मला मात्र मधल्या दहा वर्षांची टोचणी राहिली. कडवं माझ्या सख्ख्या आत्याच्या तोंडात होतं. त्या दिवशी स्टोअरमध्ये मी एक प्रश्न विचारला असता तर शांतवनभाऊ पुढच्याच आठवड्यात पिंपळवाडीला गेले असते. त्यांनाही बोळाच्या अलीकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारायचं सुचलं होतं, पलीकडे जायचं सुचलं नव्हतं. आम्ही दोघंही जुन्या जखमेला जपत होतो आणि त्यात हे राहून गेलं. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी कॅम्पातली जागा सोडली आणि वांगणीला दोन खोल्या घेतल्या. घराच्या मागे भाताची खाचरं. तिकडे ट्रान्झिस्टर चांगला लागतो, असं त्यांनी कळवलं होतं. सहकाऱ्यांनी निरोपाला काय हवं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी चौदाचा पाना मागून घेतला. फळीवरची ती आकृती, मी होतो तोवर, रिकामीच ठेवलेली होती.

वांगणीचं दुसरं बारसं हे माझं शेवटचं. ते वाळले होते, स्वेटर खांद्यावरून ओघळत होता. घुगऱ्यांना खोबरं जास्त होतं. पाळणा झाल्यावर ते मला सोडायला कुंपणाच्या फाटकापर्यंत आले. कुंची काढलेला खुंटा अजून त्यांच्या हातात होता, तो ठेवून यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. सूर्य खाचरांच्या पलीकडे टेकला होता. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, तेव्हा ही आमची शेवटची भेट.

मी सलाम म्हटलं. ते जय भीम म्हणाले. मी चार पावलं गेलो असेन, मागून त्यांनी हाक मारली.

"कांबळे, एक विचारू का? तुमचं गाव कुठलं?"

सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी वळलो आणि सांगितलं. गाव, तालुका, घर गावाच्या कुठल्या अंगाला तेही सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग कानावरची पेन्सिल काढली, स्वेटरखालच्या खिशातून एक जुनं कार्ड काढलं आणि खुंटा काखेत धरून फाटकावर कार्ड टेकवत विचारलं,

"तिथं पाळणे कोण म्हणतं?"